आधी आजीच्या ओव्या, मग दुकान

डब्लिन, १० मे

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझं बोलणं तुटते अन् माह्या ध्यानात राहत नाही. कागदावर लिहून धाड, चष्मा लावून एक-एक वाचत करतो." म्हणून हे पत्र. दादाच्या मोबाइलवर पाठवतोय. पोट्ट्याला दारव्ह्याला पाठवून झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घ्या. आणि पोरगा कॉम्प्युटर इंजिनीयर आहे असं गावात सांगणं आता तरी बंद करा. मी मेकॅनिकलवाला. लॅपटॉपचं जे काही कळतं ते हात पोळून कळलेलं आहे, ते खाली येईलच.

लॅपटॉप किती मंद झालाय ते सांगताना तुम्ही म्हणालात, "चहा मांडला, उकळला, पेलो, कप इसळून ठेवला, तरी हे गोल गोल फिरूनच रायलं!" हे ऐकून मी हसलो. पण तुम्ही फोन लॅपटॉपजवळ नेलात आणि मला मागून आवाज आला : कट्... कट्... जरा थांबून पुन्हा कट्. तिथे हसू गेलं. पंखा घरघरतो, तो असा वाजत नाही. हा आवाज हार्ड डिस्कचा. आपला लॅपटॉप २०१७ चा, त्यात अजून फिरती डिस्क आहे. आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, वाचणारी दांडी तरंगत असते. जात्यासारखी तीही झिजते. फरक एवढाच, की जात्याला टाकी लावून घेता येते, हिला नाही.

रविवारी तुम्ही कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून लॅपटॉपात कोण किती राबतंय ते सांगणारी खिडकी दाखवलीत, त्यात डिस्कपुढे १०० टक्के होतं आणि प्रोसेसर नुसता बसून होता. म्हणजे घरात दळणारे चार जण, पण कोठीतून दाणे काढून देणारा एकच, आणि तोही लंगडा.

उष्णतेचाही वाटा आहे. भाव चढेल म्हणून यंदा कापूस आतल्या खोलीत आढ्यापर्यंत भरला आणि लॅपटॉप त्याच खोलीत, तोही गादीवर. दादाने फोटो पाठवला त्यात बाजूच्या जाळीत कापसाचे तंतू नमद्यासारखे बसलेले दिसतात. गरम हवा बाहेर पडली नाही की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. ४५ डिग्रीत बैलही दुपारी जू घेत नाही, मग त्याला काय बोलायचं. पण ते ब्रशने साफ होईल. डिस्कचं तसं नाही.

तेव्हा कोणी म्हणेल डिफ्रॅगमेंट करा, पूर्ण व्हायरस स्कॅन लावा, सी ड्राइव्ह साफ करा. यातलं आज काहीही करायचं नाही. ही कामं डिस्कला टोकापासून टोकापर्यंत पळवतात, आणि तिच्यात उरलेली धाव आपल्याला फक्त सामान बाहेर काढायला वापरायची आहे.

आता हात पोळल्याची गोष्ट. अमरावतीला शेवटच्या वर्षाला असताना माझा लॅपटॉप असाच मंद झाला. एका दुकानात टाकला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दोन दिवसांनी परत आला तो कोरा करकरीत, फॉरमॅट मारून, एकदम पळणारा. प्रोजेक्ट गेला तो मी पंधरा रात्री जागून पुन्हा केला. पण दादाच्या लग्नातले माझ्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो त्यातच होते. "सीडी करायला दिलेत" म्हणून मी वहिनीला वर्षभर थापा मारल्या. वहिनी, आता रागवायचं असेल तर रागवा.

बाबा, तुमच्या लॅपटॉपात आजीच्या ओव्या आहेत, तुम्ही टाइप केलेल्या आणि तिच्या आवाजातल्याही. त्या आधी, बाकी नंतर.

मागच्या दिवाळीत आणलेली काळी हार्ड डिस्क आईच्या कपाटात, शालूंच्या खाली, डबीतच आहे. (आई, तू ती "चांगली वस्तू आहे" म्हणून ठेवलीस, ठाऊक आहे. आता काढ.) काम रात्री करा, गारवा असतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, लाइन गेली की तो जागच्या जागी बंद पडेल, म्हणून चार्जर इन्व्हर्टरच्या बोर्डाला लावा. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवा. कूलरसमोर नको, ती हवा ओली असते. झाकण लावलं की तो झोपतो, तेव्हा ते उघडंच राहू द्या. ज्या खाचेत आत निळी पट्टी आहे तिथे डिस्कची वायर लावा, त्यातून काम लवकर होतं.

काळ्या डिस्कवर नवा फोल्डर करा, नाव आजची तारीख. पहिल्यांदा ‘ओव्या’ हा फोल्डर, मग फोटो, मग सातबारा, पीककर्ज आणि पेन्शनचे कागद. कॉपी करायचं, कट कधीच नाही. कट केलं आणि मध्येच काही बिनसलं, तर कोणती फाइल कुठे राहिली याचा हिशेब लागत नाही. एखाद्या फाइलवर अडकला तर ‘स्किप’ करा, तिच्यासाठी बाकीच्या अडवू नका. चांगल्या डिस्कला तासाभराचं काम, तुमची रात्रभर घेईल. घेऊ द्या.

हे सगळं इंटरनेटवरच का चढवत नाही, असं दादा विचारत होता. सगळं मिळून साठेक जीबी आहे. आपल्याकडे वर चढायचा वेग दोन मेगाबिट धरला तर जवळजवळ सदुसष्ट तास लागतील, आणि गुगलवर फुकट जागाच १५ जीबी. ओव्यांचा फोल्डर मात्र एक जीबीच्या आत आहे, तो दादाच्या हॉटस्पॉटवरून तासा-सव्वातासात चढेल. तेवढा चढवा. त्याचीच आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर करून ताईकडे आर्वीला द्या. आपल्या घरावर वीज पडली तरी आर्वीत राहील.

एक गोष्ट माझ्याही डोक्यात आली नसती, ती ताईने काढली. तुम्ही ओव्या कृतिदेवमध्ये टाइप केल्यात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर बसवलेलं असतं. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली, तर तुमची ‘आई’ पडद्यावर ‘व्ही-के-बी-झेड’ दिसते. दोनशे पानं अशी दिसली तर तुम्ही म्हणाल सगळं सडलं. म्हणून सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथून कृतिदेवच्या सगळ्या फाइली पण त्याच फोल्डरात घ्या. मोबाइलवरची मराठी युनिकोडमध्ये असते, तिला ही भानगड नाही. पुढे सवडीने ताई सगळं तसं करून देईल.

कॉपी झाली म्हणजे झालं असं समजू नका. दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघा, फाइलींची संख्या जुळते का. मग ती डिस्क पोट्ट्याच्या लॅपटॉपला लावून पाच-सहा फाइली उघडा, एक अगदी जुनी, एक अगदी नवी. त्यानंतरच यवतमाळची एसटी.

दुकानात काय सांगायचं : फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाका, रॅम चार जीबीची आठ करा, पंखा साफ करा. तो म्हणेल नवाच घ्या, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीचा आधार नाही. ते खोटं नाही, आणि हा लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसतही नाही. पण एसएसडी टाकली की टायपिंगला तो वर्ष-दोन वर्षं खुशाल चालेल. फक्त त्यावर बँकेचे व्यवहार करू नका, ते दादाच्या फोनवर. जुनी डिस्क मात्र मागून घ्या, मेलेली असली तरी. तिच्यात आपली आधार कार्डं आहेत.

इथे मे महिन्यातही स्वेटर घालून फिरतो, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि झोप येत नाही. सांबार (इथे कोथिंबीर म्हणतात ती) घातलेलं वरण आणि ज्वारीची भाकर आठवते. आईला नमस्कार, पोरांना गोड पापा.

कॉपी झाली की त्या डिस्कवरूनच १७ नंबरचं रेकॉर्डिंग लावा आणि फोन जवळ धरा. त्यात आजी ओवी अर्धी सोडून बकरीला हाकलते, शिवी देते, आणि मग सूर न सोडता पुढची ओळ धरते. ते ऐकू आलं की मी समजेन, काम झालं.

तुमचा,
धाकटा