नळी किती सेंटिमीटरवर आहे, हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपुऱ्या दिवसांचे बाळ दगावले की बातमीत पहिला प्रश्न असतो : रुग्णालयात व्हेंटिलेटर होता का? यंत्र हवेच. पण त्याची हवा फुप्फुसात नेणारी नळी जागेवर नसेल, तर तेच यंत्र बाळाचे नुकसान करते. त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

एक किलोच्या बाळाची श्वासनलिका चार सेंटिमीटरपेक्षाही आखूड असते. एक किलोच्या आतील बाळाला आतून अडीच मिलिमीटर रुंदीची नळी लागते, एक ते दोन किलोच्या बाळाला तीनची. ओठापाशी नळीवरचा सेंटिमीटरचा कोणता आकडा दिसायला हवा, याचा रुळलेला हिशेब म्हणजे वजनाच्या किलोंत सहा मिळवायचे. एक किलोला सात सेंटिमीटर. साडेसातशे ग्रॅमच्या खाली मात्र हा हिशेब नळी फार खोल नेतो. तेथे गर्भाचे आठवडे पाहणे बरे : २३-२४ आठवड्यांना साडेपाच, २५-२६ ला सहा, २७ ते २९ ला साडेसहा.

खोल गेलेली नळी बहुधा उजव्या फुप्फुसात शिरते, कारण श्वासनलिकेची उजवी शाखा जास्त सरळ उतरते. मग डावे फुप्फुस मिटते आणि दोघांची हवा एकटे उजवे झेलते. ते फुटूही शकते. अशा वेळी नळीतून दिलेले सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुस उघडे ठेवणारे महागडे औषधही, एकाच बाजूला जाते. बरे, हे स्टेथोस्कोपने हमखास कळेल असेही नाही. एवढ्याशा छातीत एका बाजूचा आवाज दुसरीकडे ऐकू येतो, नळी अन्ननलिकेत असली तरी पोटातला आवाज छातीवर येतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड ओळखणारी छोटी डबी नळीला जोडायची. जांभळा रंग पिवळा झाला आणि हृदयाचे ठोके वाढले की नळी श्वासमार्गात आहे. ठोके फारच मंद असतील तर नळी बरोबर असूनही रंग बदलत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. आणि नळी किती खोल आहे, हे ही डबी सांगत नाही. ते एक्सरेवरच कळते. टोक छातीच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर हवे.

त्या एक्सरेच्या वेळी बाळाची मान कशी होती, तेही पाहावे. हनुवटी छातीकडे झुकली की नळी खाली उतरते, मान मागे गेली की वर सरकते. लाळेने चिकटपट्टी सुटते, अॅम्ब्युलन्स खड्ड्यातून जाते, आणि सकाळी सातवर असलेली नळी दुपारी आठवर असते. तरीही बाळ दुसऱ्या रुग्णालयात हलवताना दिल्या जाणाऱ्या पाठवणीच्या चिठ्ठीवर नळीचा आकार आणि ओठापाशीचा आकडा अनेकदा लिहिलेलाच नसतो. वाटेत ऑक्सिजन एकदम घसरला तर आधी तो आकडा पाहायचा, मग नळीत चिकट स्राव अडकला का, मग फुप्फुस फुटून छातीत हवा साठली का, शेवटी यंत्र आणि सिलिंडर. मूळ आकडाच ठाऊक नसेल तर पहिल्याच पायरीवर अंदाजाने काम सुरू होते.

मुळात नळीची गरजच कमी करता येते. बाळ स्वतः श्वास घेत असेल तर प्रसूतिगृहातच पाच-सहा सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने नाकातून सीपॅप (फुप्फुस उघडे ठेवणारा हवेचा सततचा दाब) सुरू करावा. ऑक्सिजन पहिल्यापासून मोजून द्यावा. जादा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला घातक असतो. त्याच्याही आधी, २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी मिळायला हवेत. पुढे पाठवायचे असेल तर पहिला डोस तिथल्या तिथे, गाडीची वाट पाहत असतानाच. हे औषध स्वस्त आहे, आणि बाळाच्या फुप्फुसासाठी इतके काम करणारे दुसरे काही प्रसूतीपूर्वी आपल्या हातात नाही.

आरोग्य विभागाला विनंती आहे : प्रत्येक एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) आणि बाळांना नेणाऱ्या प्रत्येक अॅम्ब्युलन्समध्ये अडीचच्या नळ्या, नळी घालताना घसा दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपची शून्य व दुहेरी शून्य क्रमांकाची पाती आणि कार्बन डायऑक्साइडच्या डब्या कायम शिल्लक असाव्यात. पाठवणीच्या चिठ्ठीवर 'नळीचा आकार', 'ओठापाशी सेंटिमीटर' आणि 'आईला स्टेरॉइड : किती डोस, केव्हा' हे तीन रकाने छापावेत आणि ते भरल्याशिवाय बाळ हलवू नये.

– नवजात अतिदक्षता विभागातील डॉक्टर व परिचारिका, नाशिक
(नावे व पत्ता संपादकांकडे)