कोकमाने ‘प्रथिन बंद होते’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकमातले गार्सिनॉल हे द्रव्य शरीरात दाह पसरवणारे प्रथिन ‘बंद करते’, अशा अर्थाचा मजकूर हल्ली कॅप्सूलच्या जाहिरातींत आणि अधूनमधून बातम्यांतही दिसतो. त्यामागचे संशोधन खोटे नाही. कोकमाच्या वाळलेल्या सालीत, म्हणजे सोलात, गार्सिनॉल वजनाच्या सुमारे २ ते ३ टक्के असते. पी३०० या विकराला ते अडवते, हे २००४ साली भारतीय संशोधकांनी दाखवले आहे. जनुके वाचली जावीत म्हणून डीएनएची गुंडाळी सैल करण्याचे काम हा पी३०० करतो. गडबड होते ती ‘बंद’ या शब्दाने.

जाहिरातींतले दाह पसरवणारे प्रथिन म्हणजे टीएनएफ, एका पेशीने दुसरीला धाडलेल्या निरोपासारखे. ते आवरायचे तर दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. तयार झालेल्या टीएनएफला धरून ठेवायचे, ही पहिली. संधिवातात दिले जाणारे अडालिमुमॅबचे इंजेक्शन हेच करते. प्रथिन बनतच असते, फक्त पोचत नाही. दुसरी वाट म्हणजे ते बनूच न देणे, ज्याला अभिव्यक्ती रोखणे म्हणतात. गार्सिनॉलबद्दलचा दावा या दुसऱ्या वाटेचा आहे: पी३०० अडला की टीएनएफचे जनुक नीट वाचले जात नाही. थॅलिडोमाइड हे औषधही इथलेच. ते टीएनएफचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल, लवकर मोडून टाकते. कुष्ठरोगातल्या दाहाच्या झटक्यांवर १९९८ पासून अमेरिकेत त्याला मान्यता आहे, आणि गरोदर बाईने ते घेतले तर बाळाचे हातपाय नीट न घडण्याचा धोका असतो, हेही त्याच औषधाबद्दल सांगावे लागते.

आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहू. उंदराच्या भक्षक पेशी ताटलीत वाढवतात, त्यांना आधी गार्सिनॉल देतात, मग जिवाणूच्या आवरणातले एलपीएस घालून चिडवतात आणि टीएनएफ किती बनले ते मोजतात. ऐकायला सोपे, पण चुकायला जागा भरपूर. गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ६ मिलिग्रॅम पूड १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवून सुमारे १० मिलिमोलरचे (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) मूळ द्रावण करतात. ते हजारपट पातळ केले की १० मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ ०.१ टक्का. विद्यार्थी २० मायक्रोमोलरसाठी तेच द्रावण दुप्पट घालतात, तेव्हा डीएमएसओही दुप्पट होतो आणि परिणाम कशाचा ते कळेनासे होते. ताटलीच्या प्रत्येक खळग्यात डीएमएसओ तेवढाच हवा, आणि औषधाविना फक्त डीएमएसओ घातलेला खळगाही हवाच. पाणीदार माध्यमात गार्सिनॉलचे कण बाहेर पडले नाहीत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघावे. न बघता लिहिलेली मात्रा कागदावरच राहते.

सर्वांत मोठी फसगत मेलेल्या पेशींची. मेलेली पेशी टीएनएफ कुठून बनवणार? म्हणून एमटीटी चाचणी करतात: पिवळे द्रव्य जिवंत पेशींत जांभळे होते, ५७० नॅनोमीटरला मोजतात. पण गार्सिनॉलसारखी फिनॉलयुक्त द्रव्ये पेशींशिवायही एमटीटीला जांभळे करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात आणि ‘विषारी नाही, तरी टीएनएफ निम्म्यावर’ असा सुंदर निकाल हाती येतो. उपाय कठीण नाही. पेशी नसलेल्या खळग्यात औषध आणि एमटीटी एकत्र घालून पाहावे, पेशी धुऊन मगच एमटीटी घालावे, किंवा ट्रायपॅन ब्ल्यू या रंगाने मेलेल्या पेशी मोजाव्यात.

वेळही सांभाळावी लागते. एलपीएस दिल्यावर टीएनएफचा आरएनए पहिल्या एक-दोन तासांतच चढतो. २४ तासांनी मोजला तर चढलेला भाग हातून निघून गेलेला असतो. प्रथिनासाठी माध्यम वेगळ्या वेळेला घ्यावे. आरएनए मोजण्याच्या पीसीआर चाचणीत तुलनेसाठी घेतलेले जीएपीडीएचचे जनुकच औषधाने हलले, तर सगळे गणित कोसळते. निदान दोन संदर्भ जनुके घ्यावीत. माहीत असलेल्या प्रमाणातले टीएनएफ आणि गार्सिनॉल मिसळून एलायझा या प्रथिन मोजण्याच्या चाचणीने ते टीएनएफ पुरेपूर मोजले जाते का, हेही तपासावे, कारण द्रव्य चाचणीतच ढवळाढवळ करत असू शकते.

मात्रेचा हिशोब वाचकांनाही करता येईल. १० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला सुमारे ६ मिलिग्रॅम, म्हणून पाच लिटर रक्ताला ३० मिलिग्रॅम. इतके गार्सिनॉल दीडेक ग्रॅम सोलात असते, त्यामुळे कागदावर हे हाताशी आल्यासारखे वाटते. पण सोलं पाण्यात भिजवल्यावर उतरतो तो लाल रंग अँथोसायनिनचा आणि आंबटपणा हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. स्निग्धात विरघळणारे गार्सिनॉल बहुतांशी सालीतच राहते, म्हणून प्रयोगशाळेत ते काढायला इथेनॉल लागते. पोटात गेले तरी आतडे आणि यकृत अशा द्रव्यांवर प्रक्रिया करतात आणि उरलेले चरबीत पसरते. सोलकढी आवडीने प्यावी, पण टीएनएफ आवरायचे औषध म्हणून तिची विक्री नको.

अभिव्यक्ती खरोखर रोखणारी औषधे कशी असतात, हे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या इन्क्लिसिरानवरून कळते. ते २१ ते २३ अक्षरांच्या आरएनएचे असते, त्याला यकृताकडे नेणारी साखर जोडलेली असते, आणि ते रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या पीसीएसके९ प्रथिनाचा संदेशच कापते. त्वचेखाली २८४ मिलिग्रॅम. पहिले, तीन महिन्यांनी दुसरे, पुढे दर सहा महिन्यांनी. इथे लक्ष्य एकच. पी३०० अडवणारे द्रव्य मात्र शेकडो जनुकांवर एकदम हात ठेवते. ‘फक्त वाईट प्रथिन बंद’ अशी निवड ते करत नाही.

आणि टीएनएफ वाईटच असते असेही नाही. क्षयाच्या जिवाणूंना गाठीत कोंडून ठेवण्याचे काम तेच करते. म्हणून टीएनएफविरोधी इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात सुप्त क्षय घराघरांत आहे, त्यामुळे ‘दाह बंद’ करणारी कॅप्सूल बिनदिक्कत घ्या असे छापणे आम्हाला धोक्याचे वाटते. ज्यांची संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी कोणतीही अर्काची कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

आमची विनंती इतकीच, की अशी बातमी देताना चार गोष्टी लिहाव्यात: प्रयोग ताटलीतल्या पेशींवर होता, प्राण्यावर की माणसावर, द्रव्याची मात्रा किती, आरएनए मोजला की प्रथिन, आणि पेशी जिवंत होत्या हे कसे पाहिले. जाहिरातीत यातले काहीच नसेल, तर ती छापण्यापूर्वी जाहिरातदाराकडून मागून घ्यावे.

आपले विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
फोंडा, गोवा