शुद्धलेखन तेवढं बघा, बाबा

पणजी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर गोव्यात बाहेरून आलेल्यांवरच्या आमच्या प्रदर्शनाचा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो, आई मध्ये पडते आणि बोलणं भाजीच्या भावावर जातं. म्हणून लिहिते.

आई, तुला मी काम नीट सांगितलेलंच नाही. कळंगुटच्या किनाऱ्यावर माळा आणि कपडे विकणाऱ्या लमाणी बायका तू पाहिल्या आहेस. त्यातल्या काहींनी आपला गोव्यापर्यंतचा प्रवास कापडावर भरलाय, आरसे आणि कवड्या लावून. गदग, हुबळी, लोंढा, कॅसल रॉक, मग दूधसागरासाठी पांढरा दोरा, कुळे, मडगाव. कापडाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आहे. त्यावर मोबाईल धरला की त्या बाईचा आवाज येतो, तिच्या गोरबोलीत, म्हणजे लमाणी भाषेत, आणि पडद्यावर मराठी-कोकणी ओळी. चेहरा कुठेच नाही. किनाऱ्यावर फिरून विकायला बंदी आहे, व्हिडिओत कुणी ओळखलं तर उद्या माल जप्त व्हायचा. चेहरा नाही म्हणून नुसते बांगड्या भरलेले हात दाखवायचे, ही इन्स्टाग्रामवरची फॅशन मला बघवत नाही. कापडाची कल्पना त्या बायकांचीच.

रेकॉर्डिंग आधी तिला ऐकवायचं, ती हो म्हणाली तरच पुढे न्यायचं, असं ठरलंय. एकीने नवऱ्याच्या दारूचा भाग काढायला लावला आणि लेकीचे सातवीचे मार्क घालायला लावले. आमच्यातल्या एकाला वाटलं, सगळ्यात जिवंत भागच गेला. वाटू दे. आयुष्य तिचं आहे.

तिथल्याच रस्त्यावर तिबेटी दुकानं आहेत. त्यातले एक काका कर्नाटकातल्या मुंडगोडचे, १९६६ साली वसलेल्या निर्वासितांच्या वसाहतीत वाढलेले. दलाई लामा १९५९ साली भारतात आले, त्यामागोमाग त्यांचे आई-वडील हिमालय ओलांडून आले. ऐकणाऱ्याला तेवढंच हवं असतं, बर्फ आणि अश्रू. काका मात्र मुंडगोडचा मका आणि दुकानाचं भाडं यावरच बोलत राहिले. आम्ही मका ठेवला, भाडंही ठेवलं.

आता बाबा, तुमचं म्हणणं. "बाहेरच्यांची कौतुकं पुरे झाली." जमिनीचे भाव या बायकांनी चढवले नाहीत हो. त्या पत्र्याच्या खोलीचं भाडं भरतात. भाव चढवले ते दिल्ली-मुंबईहून येऊन इथे दुसरं घर घेणाऱ्यांनी, आणि त्यांना आपण वाकून 'या, बसा' म्हणतो. आपल्या वाड्यावरची पोरं पोर्तुगालचा पासपोर्ट करून इंग्लंडातल्या स्विंडनच्या गोदामांत कामाला लागली, तिथे त्यांना कुणी बाहेरचं म्हटलं की तुम्हीच हळहळता. आणि १५६० साली आपल्या लोकांनी मंगेशाला कुठ्ठाळीहून झुआरीपलीकडे प्रियोळला नेलं, ही गोष्ट मला झोपताना कुणी सांगितली? जीव आणि देव घेऊन पळालेल्यांच्या घरात जन्मलो आपण.

हे सगळं राहू दे. तुमच्या शाळेचा पट शेवटची वर्षं कुणी टिकवला, एवढंच आठवा. गावातली मुलं खाजगी शाळांच्या बसमध्ये बसून गेली. तुमच्या मराठी शाळेत बाकांवर राहिली ती गदग-विजापूरकडच्या मजुरांची मुलं. तुम्ही त्यांना घरी बोलावून बाराखडी गिरवून घ्यायचात, आई त्यांना चहा-पाव द्यायची. त्यांच्या आयांबद्दल बोलताना मात्र तुमचा सूर बदलतो, ते मला कळत नाही.

सोबत काही पानं पाठवलीत. त्यातल्या एका लमाणी बाईचं गोरबोलीतलं बोलणं तिच्या आठवीतल्या लेकीने मराठीत उतरवलंय, सरकारी मराठी शाळेत शिकलेल्या मराठीत. शुद्धलेखन तेवढं बघा, वाक्यांना हात लावू नका. "गाडी लोंढ्याला थांबली ती थांबलीच, मग माझ्या पोटात दुखायला लागलं आणि दादा झाला," हे तसंच राहायला हवं. पुढच्या आठवड्यात छापायला जायचंय, तेव्हा लवकर करा.

प्रदर्शन डिसेंबरात, इथल्या मळा भागातल्या एका जुन्या घरात. डिचोलीहून कदंबच्या बसने या, मी स्टँडवर येते. सगळं तळमजल्यावर आहे, आईच्या गुडघ्यांना जिना नाही. आणि बाबा, खुणा पेन्सिलने करा. लाल शाई नको, पोरीला पानं परत दाखवायची आहेत.

तुमची
बाय