ज्वालारोधक रसायने आणि सागरी वनस्पतिप्लवक

माननीय संपादक महोदय,

फर्निचरचा फोम, पडदे आणि विद्युत उपकरणांची कवचे लवकर पेट घेऊ नयेत म्हणून त्यांत मिसळल्या जाणाऱ्या ज्वालारोधक रसायनांची चर्चा झालीच, तर ती मानवी आरोग्यापुरती होते. समुद्रातील वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिसदृश जीवांवर, होणारा त्यांचा परिणाम दुर्लक्षित राहतो, ही गोष्ट मला अत्यंत चिंताजनक वाटते.

यांतील अनेक रसायने प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, केवळ मिसळलेली असतात; त्यामुळे ती हळूहळू बाहेर पडून धूळ, सांडपाणी व नद्यांमार्फत समुद्रात पोहोचतात. पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर या गटातील रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण स्निग्ध पदार्थांत सहज सामावतात, आणि आकारमानाच्या मानाने मोठा पृष्ठभाग असलेल्या सूक्ष्म पेशी ती शोषून घेतात. सागरी शैवालांवरील प्रयोगांत प्रकाशसंश्लेषण मंदावणे आणि पेशींची वाढ खुंटणे असे परिणाम दिसले आहेत. पृथ्वीवरील सुमारे निम्मे प्रकाशसंश्लेषण वनस्पतिप्लवकच करतात. शिवाय त्यांनी शोषलेले विष त्यांना खाणाऱ्या प्राणिप्लवकांतून, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांतून, माशांपर्यंत जाते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर गटातील काही रसायनांवर २००९ मध्ये आणि त्याच गटातील डेकाबीडीईवर २०१७ मध्ये निर्बंध आणले, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यांच्या जागी वापरात आलेली ऑर्गनोफॉस्फेट (फॉस्फरसयुक्त सेंद्रिय) रसायनेही निर्धोक नाहीत. त्यांपैकी ट्रायफिनाइल फॉस्फेट जलचरांना विषारी आहे. चाचण्या बहुधा एकेका रसायनाच्या होतात, समुद्रात मात्र ती एकत्र असतात. म्हणून कोणत्याही पर्यायी ज्वालारोधकाला परवानगी देण्यापूर्वी सागरी प्लवकांवरील, विशेषतः मिश्रणांच्या, चाचण्या बंधनकारक कराव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक