भरतीच्या पोरांच्या पाठीवरचं वाळूचं पोतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावरून सैन्यभरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरांचा फोटो आला होता. चौघं पोरं, चौघांच्या पाठीवर वाळूची पोती, आणि खाली त्यांच्या जिद्दीचं कौतुक. शेजारच्या वहिनींनी अंक मुद्दाम आणून दाखवला. माझी नजर मात्र डावीकडच्या पोराच्या खांद्यावर गेली. पोत्याला नायलॉनची दोरी बांधून त्यानं पट्टा केला होता आणि ती दोरी मानेच्या मुळाशी रुतली होती. तसाच वळ मी माझ्या मुलाच्या खांद्यावर पाहिला आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

जरंडेश्वराच्या डोंगराच्या कोरेगावकडच्या अंगाला आमचं गाव. बावीस वर्षं मी शिवणकाम करते. झंपर, परकर, शाळेची दप्तरं, आणि आता काही वर्षांपासून भरतीच्या पोरांच्या सॅका. पोरं येतात आणि म्हणतात, "मावशी, वीस किलो वाळू मावेल अशी शिवून द्या, शिवण उसवायला नको." मी अभिमानानं शिवून द्यायचे. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, तिथं गावाच्या नावातच मिलिटरी आहे. असल्या मुलखात पोरगं पहाटे चारला उठून पळायला लागलं की आईला दुसरं काय हवं?

माझा मुलगाही पळायला लागला. २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि मग मैदानी चाचणी, पोरं तिला ग्राउंड म्हणतात. हा लेखी पास झाला आणि ग्राउंडची तारीख येईपर्यंत एका अकॅडमीत जायला लागला. अकॅडमीचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडतं असं नाही. तिथं दुसऱ्याच आठवड्यात पोरांच्या पाठीवर वीस किलो देऊन घाट चढायला लावला, आणि तोही पळत. माझ्या मुलाचं वजन तेव्हा सत्तावन्न किलो होतं. सॅक मीच शिवली होती, पेंडीच्या पोत्याचं दुहेरी कापड घेऊन.

चौथ्या आठवड्यात मी त्याच्यासाठी ट्रॅकपँट शिवायला घेतली. खाली बसून टेपनं घोट्यापर्यंत माप घेत होते. पोरगा एकाच पायावर भार देऊन उभा. "सरळ उभा रहा की," म्हणत मी दुसऱ्या पायाला हात लावला. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर अंगठा पडला तशी त्यानं भिंत धरली. दोन बोटांएवढीच जागा, पण हात लावू देईना. आठ दिवस त्यानं ते लपवलं होतं. ग्राउंड हुकेल या भीतीनं.

एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. अकॅडमीतल्या सरांनी सांगितलं की सगळ्यांचंच दुखतं, क्रेप बँडेज बांध आणि पळ. तो आणखी दहा दिवस पळाला. मग रात्री झोपेतसुद्धा ठणकायला लागलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एमआरआय करायला लावला. हाडाला बारीक तडा होता. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. सुरुवातीच्या दिवसांत तो साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. आठ आठवडे पळणं बंद. ग्राउंड आलं आणि गेलं. प्रवेशपत्र अजून त्याच्या फायलीत आहे, मी ते काढू दिलेलं नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते मला माझ्या कामातून लगेच उमगलं. हाड म्हणजे लाकूड नव्हे, ते जिवंत असतं. त्याच्यावर नवा ताण आला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथं नवं, जास्त बळकट हाड भरतं. पण खरवडणं लवकर होतं आणि भरायला महिने लागतात. ओझं एकदम वाढवलं तर पहिल्या काही आठवड्यांत हाड उलट कच्चं झालेलं असतं. जुनी शिवण उसवली आहे, नवी टीप अजून घातली नाही, आणि नेमका तेव्हाच कुणी कपडा ओढला, तर तो तिथंच फाटणार. आणि ही पोरं साडेसतरा-अठराची. अंगानं उंच दिसतात, पण हाडं अजून भरत असतात.

त्याच्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कळलं तेव्हा ते दोन दिवस नातवाशी बोलले नाहीत. मग त्याच्या खाटेशी बसून त्यांनी विचारलं, "ग्राउंडला पाठीवर किती वजन असतं?" उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. १६०० मीटर धाव, बीम म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढणं, ९ फुटी खड्डा ओलांडणं, झिगझॅग फळीवरून तोल सांभाळत चालणं. पाठीवर एक किलोसुद्धा नाही. वजनाचं काम भरती झाल्यावर सुरू होतं. तिथं रायफल आणि सामानासह पाच किलोमीटर पळावं लागतं, रूट मार्च म्हणजे सामानासह लांबची चाल असते, पिट्ठू, म्हणजे पाठीवरची सामानाची पिशवी, उतरत नाही. त्याची सवय आधीपासून केली तर चांगलंच, माझा त्याला विरोध नाही. पण पळण्याची तयारी वेगळी आणि ओझ्याची वेगळी. ओझं घेऊन चालायचं असतं.

वडिलांनी पाय बरा झाल्यावर नातवाची तयारी पुन्हा करून घेतली, ती मी रोज डोळ्यांनी पाहिली. पहिला दीड महिना रिकाम्या पाठीनं नुसतं चालणं, मातीच्या वाटेनं. मग पाच किलो, म्हणजे त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आठवड्याला एक किलो वाढवायचं, चौथ्या आठवड्याला थोडं उतरवायचं. ओझ्याचे दिवस आठवड्यातून दोनच, तेही लागोपाठ नाहीत. अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवायचं नाही. शेवटीसुद्धा अठरा किलोच्या वर जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. जरंडेश्वर चढल्याचं ते कौतुक करत नसत, पण उतरताना ते त्याच्या पुढे राहायचे, कारण ओझं असताना गुडघ्यावर खरा मार उतारालाच बसतो आणि पोरं नेमकी तिथंच पळतात. नवे बूट आणि नवं वजन एका दिवशी नको, हा त्यांचा आणखी एक नियम. बूट आधी घरात, मग शेतावर, मग डोंगरावर. मोजे ओले झाले की बदलायचे. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड तिथंच येतो, म्हणून आत पातळ नायलॉनचा आणि वर लोकरीचा.

सॅकेबद्दल मात्र मी सांगते, ते माझं क्षेत्र आहे. वाळू खाली गोळा झाली की ओझं कमरेच्या मागे लोंबतं, पोरगं पुढे वाकतं आणि पट्टे खांदे मागे ओढतात. वजन वर, पाठीला चिकटून हवं. पट्टा तीन इंच रुंद, आत फोम घातलेला. कमरेला पट्टा हवाच, म्हणजे भार खांद्यावरून कमरेच्या हाडावर येतो. दोरीसारखा पट्टा खांद्यातल्या नसा दाबतो. बोटांना मुंग्या यायला लागल्या, हात जड वाटायला लागला, तर तिथंच सॅक उतरवायची. आणि उन्हातल्या ओझ्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर घरी न थांबता थेट दवाखाना गाठायचा. हे पोरं आईला सांगत नाहीत, म्हणून इथं लिहिते.

अकॅडमी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक पोराचं वजन काट्यावर घ्या आणि वहीत लिहा. त्यावरून त्याचं ओझं ठरवा, सगळ्यांना एकच पोतं देऊ नका. एकाच जागी बोट ठेवून दुखतं म्हणणाऱ्या पोराला पळवू नका. आपल्या जिल्ह्यात गावोगाव निवृत्त जवान आहेत, त्यांना बोलवा. आणि संपादक महोदय, असा फोटो पुन्हा छापाल तेव्हा खाली दोन ओळी जास्तीच्या लिहा, एवढं मागते. त्या फोटोतलं पोतं बघून आमच्या गल्लीतल्या दोन पोरांनी वाळू भरायला घेतली.

आता मी वीस किलोची सॅक शिवत नाही. एक किलोच्या पिशव्या शिवते. जाड कॅनव्हासचे सात बाय नऊ इंचांचे दोन तुकडे घ्यायचे, तीन बाजूंना अर्धा इंच आत दुहेरी टीप मारायची, उलटवायचं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक किलो कोरडी, चाळलेली वाळू घालायची, काट्यावर मोजून. पिशवी गच्च भरायची नाही, थोडी सैल राहिली की पाठीला बसते. तोंड दोनदा शिवून टाकायचं. पाच पिशव्या जुन्या चादरीत गुंडाळून दप्तराच्या वरच्या भागात, पाठीच्या बाजूला ठेवायच्या. पुढच्या आठवड्यात सहावी. ज्यांच्या घरी मशीन नाही त्यांनी कापड आणावं, शिलाई घेणार नाही.

आपली,
एका भरतीच्या पोराची आई,
कोरेगाव तालुका, जि. सातारा