आजीच्या आठवणी एकत्र करायच्या आहेत: घरातल्या सगळ्यांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार. आजीला जाऊन या महिन्यात वर्ष होतंय. प्रत्येकाने तिची एक तरी आठवण लिहून किंवा रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवावी, ही मनापासून विनंती.

‘ती फार प्रेमळ होती’ एवढ्यावर थांबू नका, ते आपल्याला ठाऊकच आहे. ती काय बोलायची, कशी बसायची, ते लिहा. घरातलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत ती चष्मा कपाळावर सरकवून दाराशी जागी असायची आणि आल्यावर एका शब्दाने रागवायची नाही. असं काहीतरी.

काका, आत्या, तुम्ही आधी सांगा. तिच्या तरुणपणाचं आम्हा नातवंडांना काहीच माहीत नाही. लिहायचा कंटाळा येत असेल तर आमच्यापैकी कोणीही शेजारी बसून लिहून घेईल.

जुने फोटो शक्यतो ६०० डीपीआयला (स्कॅनरमध्ये बारकावे किती टिपायचे ते ठरवणारं सेटिंग) स्कॅन करा. अल्बमला चिकटलेले ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने; बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. तिच्या हातची पत्रं असतील तर तीही पाठवा, मूळ प्रत तुमच्याकडेच राहू दे.

महिनाअखेरपर्यंत सगळं यायला हवं.