जिजाईची भाकरी

एडमंटन, कॅनडा
२९ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

फोन रोजच होतो, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि मग बाबा, शेजारच्या काकू, सगळेच बोलतात. हे तुझ्या एकटीशी बोलायचंय, म्हणून लिहायला बसले.

नाताळची आठवडाभर सुट्टी आहे. बाहेर उणे २८. पावणेनऊनंतर कधीतरी उजाडतं आणि साडेचारच्या आत सूर्य मावळतो. शेजारच्या आजी मुलीकडे गेल्यात, त्यांची कुत्री डेझी माझ्याकडे आहे. अकरा वर्षांची लॅब्राडॉर, तोंडावरचे केस पांढरे झालेत. फुटपाथवर बर्फासाठी मीठ टाकतात, ते पंजांना चरचरतं. बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे गोळे घट्ट बसतात. फिरून आलो की मी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन बसते आणि ती न सांगता एकेक पाय पुढे करते. तिचा पाय हातात घेतला की मोत्याची आठवण येते.

एक सांगायचं राहिलंच. कुत्र्यांना कांदा-लसूण विषारी असतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आजींनी जाताना चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं. आपण मोत्याला पिठल्यात भाकरी कुस्करून घालायचो, ते आठवून धस्स झालं. आता दारात जो काळ्या येतो, त्याला भाकरी कोरडीच घाल. बेदाणेही नको हं, तासगावात घरोघरी पडलेले असतात म्हणून मुद्दाम लिहिते.

सुट्टीत रोज स्वयंपाक करतेय. दही ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलं की रात्रीत छान लागतं. भाकरीने मात्र तीन दिवस रडवलं. इथे मिळणारं ज्वारीचं पीठ जुनं, विरी गेलेलं. थापायला घेतलं की कडा फाटायच्या, उचलली की दोन तुकडे. चौथ्या दिवशी तुझं आठवलं, आधणाचं पाणी घालून पीठ झाकून ठेवलं आणि मग तळहाताच्या गादीने रगडून रगडून मळलं. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली आणि ती टम्म फुगली, आई! पापुद्रा उचलून आत तूप घातलं आणि उभ्यानेच खाल्ली.

रात्री जुने सिनेमे बघते. परवा प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला. १९३६ सालचा, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. लहानपणी तो दूरदर्शनवर लागला की बाबा हात जोडून बसायचे आणि ‘आधी बीज एकले’ सुरू झालं की डोळे मिटायचे. तो अभंग तुकोबांचा नाहीच, सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला आहे. बाबांना सांग, पण हळू सांग.

तेव्हा मी विष्णुपंत पागनिसांकडेच बघायचे. या वेळी नजर सारखी जिजाईकडे जात होती. गौरीने काय काम केलंय गं! पोर तापाने फणफणलंय, नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय आणि ही हातात चप्पल घेऊन देवळात शिरते, देवाला जाब विचारायला. आपण सगळे त्या प्रसंगाला हसायचो. तू हसायची नाहीस. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायचीस, ते मला परवा लख्ख आठवलं.

बाबा भजनाला जायचे तेव्हा रात्रीचा एक वाजायचा. तू ताट वाढून वर दुसरं ताट पालथं घालायचीस, स्वतः न जेवता चुलीपाशी बसायचीस. ते आले की फडाफडा बोलायचीस, आणि बोलता बोलताच भाकरी पुन्हा निखाऱ्यावर धरायचीस. मला तुझ्या बोलण्याचा राग यायचा. आई भांडखोर आणि बाबा साधे, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. जिजाई शिव्या घालत डोंगर चढून नवऱ्याला भाकरी पोचवते, तसंच तू करत होतीस. बाबांच्या टाळाला तुझी भाकरी होती, आणि पंक्तीत तुझं नाव कधी कुणी घेतलं नाही. मीही नाही घेतलं. हे फोनवर सगळ्यांसमोर बोलता आलं नसतं.

डेझी पायाशी झोपलीय. स्वप्नात पळत असावी, पाय हलताहेत.

आता कामाचं. भाजणीचं प्रमाण लिहून पाठव. ‘अंदाजाने’ म्हणू नकोस, तुझ्या पितळी वाटीत काय किती, ते एकदा दुकानातल्या काट्यावर तोलून घे. धणे किती भाजायचे तेही लिही. मनीला पिल्लं झाली का? बाबांच्या गुडघ्याला तेल लावतेस, तसं तुझ्या मनगटालाही लाव.

आणि रात्री त्यांच्याबरोबरच जेवायला बस. ताट झाकून वाट बघू नकोस.

तुझी,
नंदू